वस्तूचे आयुष्य आणि सेलचे आयुष्य

हिशेबशास्त्रात घसाऱ्याचा एक नियम आहे आणि कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टाने त्याला कायद्याचे बळही दिले आहे. यंत्राचा एखादा महत्त्वाचा भाग मूळ यंत्राच्या मानाने लवकर झिजणारा असेल, तर त्या भागाचे आयुष्य वेगळे धरावे व त्याचा घसाराही वेगळा काढावा. कारखान्याची भट्टी वीस वर्षे चालते, तिच्या आतले अस्तर पाच वर्षांत जाते; म्हणून पाचव्या वर्षी कोणी भट्टी मोडीत काढत नाही.

घरातील वस्तूंना मात्र हा नियम आपण लावीत नाही. विजेरी पेटेनाशी झाली, कॉर्डलेस फोनवर बोलता बोलता आवाज तुटू लागला, दाढीचा ट्रिमर अर्ध्यावर थांबला, की ‘वस्तू गेली’ असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा वस्तू गेलेली नसते. तिची मोटर, तिचा दिवा, तिची मंडले शाबूत असतात. गेलेला असतो तो तिच्या पोटातला पुन्हा पुन्हा भरता येणारा सेल. त्याचे आयुष्य दोन ते पाच वर्षांचे, वस्तूचे दहा-पंधरा वर्षांचे.

घड्याळात घालावयाच्या साध्या पेन्सिल सेलविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही आणि मोबाइल फोनसाठी गल्लोगल्ली दुकाने आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो मधल्या वर्गाचा. ज्यांचे नाव दुकानदाराला सांगता येत नाही, ज्यांचा आकार चमत्कारिक असतो, ज्यांना दोन्ही टोकांना पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात किंवा ज्यांतून लाल-काळी तार बाहेर येते, असे हे आडवळणी सेल. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी या विषयाच्या नादी लागलो आहे आणि नातेवाईक आपली बिघडलेली खेळणी-यंत्रे माझ्याकडे पाठवतात. पण या विषयाची खरी निकड मला जाणवली ती शहरात नव्हे, हिवरे बाजारात.

नगर शहरापासून सुमारे सोळा-सतरा किलोमीटरवर असलेले हे गाव महाराष्ट्राला नव्याने सांगावयाचे कारण नाही. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीने गावाची टेकडी हिरवी झाली, आणि २०२० च्या पद्मश्रीपर्यंतचा पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. पोपटराव एम.कॉम. आहेत, याचा आम्हा वाणिज्य शाखेच्या मंडळींना अंमळ अभिमान वाटतो. आणि त्यांच्या गावाने जगाला दिलेली सर्वांत मोठी कल्पनाही हिशेबाचीच आहे. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात कोणते पीक बसेल, याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेपुढे मांडला जातो. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस नाही. जमिनीत जेवढे भरले तेवढ्यातलेच काढावयाचे. पाणी मुरवण्याला आपण ‘पुनर्भरण’ म्हणतो. इंग्रजीत त्यालाही आणि सेल भरण्यालाही शब्द एकच आहे, ‘रिचार्ज’.

या गावात माझे एक जुने खातेदार राहतात. मी त्यांना आबा म्हणतो. ते मला अजून साहेबच म्हणतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलो असता ओसरीवर एक टोपली दिसली. तीत दोन विजेऱ्या, डोक्याला बांधावयाचा एक दिवा, डास मारण्याची रॅकेट, इमर्जन्सी दिवा, भजने ऐकण्याचा छोटा रेडिओसंच, नातवाचा ट्रिमर, एक जुना कॉर्डलेस फोन आणि अंगणातला सौरदिवा असा ऐवज होता. शेजारी बॅटरीवर चालणारा फवारणी पंप. “सगळं मेलंय साहेब. उकिरड्यावर टाकायचं काढून ठेवलंय,” आबा म्हणाले. उकिरडा म्हणजे गावाकडे कचऱ्याचा ढीग नव्हे; त्याचेच पुढे खत होते आणि ते शेतात जाते. त्या खताचा विचार पुढे करू.

ग्रामीण बोलीत ‘बॅटरी’ म्हणजे विजेरी, हे येथे लक्षात ठेवावे. आबांच्या घरात बॅटरी ही हौसेची वस्तू नाही. शेतीपंपाला वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दारे धरावयास मध्यरात्री शेतात जावे लागते. नगर जिल्ह्यात बिबट्या आहे, सापाचे भय तर बाराही महिने. अशा वेळी हातातली बॅटरी अर्ध्या वाटेत मंदावली, तर तो केवळ गैरसोयीचा प्रश्न राहत नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने सौर वाहिनीची योजना आणली आहे. ती सर्वत्र पोहोचेपर्यंत तरी माणसाच्या हातात विश्वासाचा उजेड हवा.

टोपली ओसरीवर ओतून आम्ही एकेक वस्तू उघडू लागलो.

सेल बदलताना माणसे प्रथम आकार पाहतात. खरे तर आकार शेवटी पाहावा. सर्वांत आधी पाहावयाची ती सेलची प्रकृती, म्हणजे त्याच्या आतले रसायन. वैद्य जशी आधी प्रकृती ओळखतो आणि मग मात्रा ठरवतो, तसेच हे आहे. घरगुती वस्तूंत चार प्रकृती आढळतात. शिसे-आम्ल ही सर्वांत जुनी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ मध्ये सिद्ध केली आणि तिचा एक कप्पा दोन व्होल्टचा असतो. निकेल-कॅडमियम ही स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरची १८९९ ची देणगी. तिचा आणि तिची धाकटी बहीण निकेल-मेटल हायड्राइड हिचा, दोघींचाही सेल १.२ व्होल्टचा. लिथियम-आयन सेल सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला, तो ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा. त्याच घराण्यातला लिथियम-आयर्न-फॉस्फेट मात्र ३.२ व्होल्टचा.

व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची आणि मिलिअँपिअर-तास म्हणजे टाकीत मावणारे पाणी, असे मी आबांना सांगितले. उंची बदलून चालत नाही. नळाला दाब कमी-जास्त पडेल. टाकी थोडी मोठी बसवली तर बिघडत नाही, फक्त भरावयास वेळ अधिक लागेल. जुन्या ट्रिमरमध्ये तीनशे मिलिअँपिअर-तासांचा सेल असेल आणि तुम्ही सहाशेचा घातला, तर पूर्वी आठ तासांत होणारे काम सोळा तासांचे होईल. आबांनी ते चटकन ओळखले. “म्हंजे विहीर मोठी खांदली तरी झरा तेवढाच,” ते म्हणाले. मी चाळीस मिनिटे घेतली असती ते एका वाक्यात झाले.

आता मुख्य धोक्याकडे येतो, आणि हा भाग वाचकांनी सावकाश वाचावा, कारण येथे आगीचा संबंध आहे. तीन ठिकाणी दोन निराळ्या प्रकृतींचे व्होल्ट जवळजवळ जुळतात आणि माणूस फसतो.

पहिले उदाहरण कॉर्डलेस फोनचे. त्याच्या पोटात १.२ व्होल्टचे तीन छोटे निकेल सेल एकापुढे एक जोडून ३.६ व्होल्टची जुडी केलेली असते. लिथियमचा एकच सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा. आकड्यांकडे पाहून वाटते, तीन जुन्यांऐवजी एक नवा बसवावा. पण लिथियमचा सेल भरताना ४.२ व्होल्टला चार्जरने अचूक थांबावे लागते. निकेलसाठी बनवलेल्या फोनच्या बैठकीला हे थांबणे शिकवलेलेच नसते. ती भरतच राहते.

दुसरे उदाहरण डासांच्या रॅकेटचे आणि स्वस्त विजेऱ्यांचे. यांत चार व्होल्टची चपटी, शिशाची बंद बॅटरी असते. चार आणि ३.७ यांत अंतर ते किती, असे म्हणून हौशी मंडळी तीत लॅपटॉपमधून काढलेला लिथियम सेल जोडतात. चार व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला पूर्ण भरताना साडेचार व्होल्टच्या पुढे न्यावे लागते. म्हणजे लिथियमची मर्यादा तेथे रोज ओलांडली जाणार. रॅकेट रात्रभर भिंतीच्या प्लगला लावलेली, खोलीत माणसे झोपलेली. हा प्रयोग कोणी कितीही सोपा करून दाखवला, तरी करू नये. शिशाच्या जागी शिसेच.

रॅकेटविषयी आणखी एक सूचना येथेच देतो. तिच्या स्वस्त प्रकारांत घरातली २३० व्होल्टची वीज आणि आतले मंडल यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा आडपडदा नसतो. प्लगला लावलेली असताना ती उघडणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे. आणि प्लग काढल्यावरही जाळीवर हजार व्होल्टच्या वर भार काही काळ टिकून राहतो. लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाने जाळीचे थर एकमेकांना टेकवून तो आधी उतरवावा लागतो.

तिसरे उदाहरण सौरदिव्याचे. अंगणातल्या व रस्त्याकडेच्या अनेक सौरदिव्यांत ३.२ व्होल्टचा लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेल असतो आणि तो दिसतो अगदी ३.७ व्होल्टच्या सेलसारखा, त्याच मापाचा. त्याला भरण्याची सीमा ३.६५ व्होल्ट. त्याच्या जागी ३.७ चा घातला तर तो अर्धामुर्धा भरेल आणि दिवा लवकर विझेल. उलट ३.७ च्या जागी ३.२ चा घातला तर त्याच्यावर अतिभार पडून तो लवकर निकामी होईल. सेलच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत व्होल्ट छापलेले असतात; भिंग घेऊन ते वाचावेत.

माप ओळखण्याची युक्ती फार सोपी आहे आणि ती कळली की दुकानदारापुढे अवघडायला होत नाही. लिथियमच्या नळकांडी सेलवर १८६५० असा अंक असतो. तो अनुक्रमांक नव्हे. पहिले दोन अंक म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, पुढचे दोन म्हणजे लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार गोल. त्याच रीतीने १४५०० म्हणजे १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. हे आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलचे माप आहे! दीड व्होल्टच्या खणात तो अचूक बसतो आणि ३.७ व्होल्ट देतो. नातवाच्या खेळण्यात तो चुकून गेला की खेळणे जळते. चपट्या, चांदीच्या पाकिटासारख्या सेलवर ५०३४५० असे सहा अंक असतील तर ५ मिलिमीटर जाडी, ३४ रुंदी, ५० लांबी असे वाचावे. गोल चकतीच्या सेलवरील २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. या चकतीचे मात्र दोन अवतार आहेत. ‘सीआर’ अक्षरांचा तीन व्होल्टचा, एकदाच वापरावयाचा. आणि ‘एलआयआर’ अक्षरांचा ३.६ व्होल्टचा, भरता येणारा. पहिल्याला भरू पाहणे धोक्याचे आहे.

चकतीचा विषय निघालाच आहे तर घरातल्या आज्या-आजोबांसाठी एक वाक्य. लहान मुलाने ही २० मिलिमीटरची चकती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजू शकते. वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

आबांच्या टोपलीतील सर्वांत मौल्यवान वस्तू फवारणी पंप. त्यात बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासांची शिशाची बंद बॅटरी होती. हंगाम संपल्यावर पंप धुऊन, पुसून, माळ्यावर ठेवलेला. सहा महिन्यांनी काढला तो मुका. या एका वाक्यात शिशाच्या बॅटरीच्या बहुतेक अकालमृत्यूंची कथा आली. ही बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि मग भरणे अंगी लागत नाही. तिला वापरल्याने जितकी झीज होते त्याहून अधिक रिकामी ठेवल्याने होते. हंगाम संपला की पूर्ण भरून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुन्हा भरावी. आबांनी हे ऐकून पंचांगाकडे पाहिले. वर्षाचे सण मोजून त्यांनी दसरा, संक्रांत, पाडवा आणि आषाढी असे चार दिवस तिथल्या तिथे ठरवून टाकले. या वेळापत्रकात सुधारणा करण्याजोगे मला काही सापडले नाही.

ती बॅटरी खरोखर मेली का, हे पाहण्यास मल्टीमीटर लागतो. काही शे रुपयांत मिळणारे हे उपकरण प्रत्येक घरात तापमापकाच्या शेजारी असावे, असे माझे मत आहे. पूर्ण भरून काही तास विसावलेली बारा व्होल्टची बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. भरूनही काटा साडेदहावर अडला, तर सहा कप्प्यांपैकी एक गेला असे समजावे. सहा व्होल्टच्या इमर्जन्सी दिव्याच्या बॅटरीत तीनच कप्पे. भरल्यावर ती ६.३-६.४ दाखवते. पण केवळ विसावलेले व्होल्ट पाहून निर्णय देऊ नये. दिवा किंवा पंप जोडून, काम चालू असताना पाहावे. कर्जदाराचा शिलकीचा दाखला आणि त्याची हप्ता फेडण्याची ताकद यांत जो फरक असतो, तोच येथे असतो.

फवारणी पंपाची बॅटरी न मिळाल्यास संगणकाच्या यूपीएसची चालते का, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी विचारतात. प्रकृती तीच, व्होल्ट तेच, आणि सात, आठ, नऊ अँपिअर-तासांच्या या बॅटऱ्यांची लांबी-रुंदी बहुधा सारखीच, सुमारे १५१ बाय ६५ मिलिमीटर. म्हणून चालते. टोकांच्या पट्ट्यांची रुंदी तेवढी जुळवून घ्यावी. शिशाच्या बॅटऱ्या बनवणारा एक्साइडचा मोठा कारखाना आपल्याच अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. त्यामुळे या भागात बॅटरीच्या दुकानांची वाण नाही.

इमर्जन्सी दिव्याची कथा अशीच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, जेव्हा अनेक खेड्यांत दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे, तेव्हा हे दिवे घरोघर आले. वीज नियमित झाली, दिवे कपाटावर गेले आणि तिथेच रिकामे होऊन मेले. ‘६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तास’ एवढे म्हटले की दुकानदार बॅटरी काढून देतो. आतल्या नळीच्या जागी एलईडीची पट्टी बसवली तर तोच दिवा पूर्वीपेक्षा अधिक वेळ जळतो.

भजनांच्या संचात निघाला तो जुना ओळखीचा बीएल-५सी. नोकिया फोनबरोबर आलेली ही चपटी ३.७ व्होल्टची बॅटरी, फोन गेले तरी मागे राहिली. आज कितीतरी छोटे रेडिओ आणि भक्तिगीतांचे संच तिच्यावर चालतात. वाचकांना १४ ऑगस्ट २००७ नंतरचा आठवडा आठवत असेल. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या अशा ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या भरताना तापू शकतात, असे नोकियाने जाहीर केले आणि फोनची मागची झाकणे काढून बारीक अंक वाचण्याची एकच धांदल उडाली. जगभरात तापण्याच्या घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या सुमारे शंभर. एवढ्या कमी प्रमाणासाठी एवढी मोठी माघार का घ्यावी लागली, हे लिथियमच्या प्रकृतीवरून समजते. तो क्वचित बिघडतो. पण बिघडतो तेव्हा मर्यादेत बिघडत नाही.

आबांच्या संचातली बॅटरी मध्यभागी फुगलेली होती, टेबलावर ठेवली तर भिंगरीसारखी फिरे. फुगणे म्हणजे आत वायू झाला. अशी बॅटरी पुन्हा भरू नये, दाबू नये, टोचू नये. कोरड्या वाळूच्या डब्यात, जळण्याजोग्या वस्तूंपासून दूर ठेवून द्यावी. नवी घेताना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी पाहावी. वेष्टनावर ‘आयएस १६०४६’ हे मानक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. नसेल तर दुकानदाराचा आग्रह कितीही गोड असो, घेऊ नये.

आता रात्रीच्या बॅटरीविषयी. डोक्याला बांधावयाच्या आबांच्या दिव्यात जो १८६५० सेल निघाला, त्यावर ठळक अक्षरांत ९९०० एमएएच छापले होते. नामांकित कंपन्यांचे या मापाचे उत्तम सेल साधारण ३५०० च्या आसपास असतात. त्या नळकांड्यात यापेक्षा फार जास्त मावतच नाही. मी घरातला वजनकाटा मागवला. आबांच्या सूनबाईंनी मसाले तोलण्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला. खऱ्या सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या जवळपास भरते. हा भरला २९. नळकांडे मोठे, आत माल थोडा. बँकेच्या भाषेत याला तारण फुगवून दाखवणे म्हणतात, आणि त्यावर विसंबून एक सत्तरीचा माणूस रात्री दोन वाजता एकटा शेतात जात होता.

तेव्हा खरेदीच्या वेळी मोठ्या आकड्याला भुलू नये. २२०० किंवा २६०० लिहिलेला, पुरेशा वजनाचा, नोंदणीकृत सेल त्या ९९०० पेक्षा कितीतरी अधिक वेळ उजेड देतो. काही सेलच्या बुडाशी संरक्षक मंडलाची चकती असते, त्याने लांबी दोन-चार मिलिमीटर वाढते. खणात बसत असेल तर तोच घ्यावा. जुना व नवा सेल एका खणात कधीच एकत्र घालू नयेत. दुबळा आधी रिकामा होतो आणि सबळ त्याला उलट दिशेने ढकलत राहतो.

ट्रिमरचे काम शेवटी ठेवले होते. त्यातला सेल मंडलाला कायमचा जोडलेला असतो. अशा सेलच्या अंगावर थेट डाख देऊ नये. तापल्या लोखंडाने आतले झाकण सैल होते आणि सेल जन्मतःच अधू होतो. टोकांना स्पॉट वेल्डिंगने पत्र्याच्या पट्ट्या जोडलेले सेल मिळतात, ते मागावेत आणि डाख त्या पट्टीवर द्यावा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली येथे असे सेल सहज मिळतात. तार काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण लाल-काळ्या रंगांचा सर्वच कारखानदार सारखा मान ठेवीत नाहीत. धन-ऋण मल्टीमीटरने तपासल्याखेरीज नवी जुडी जोडू नये. ज्याचा हात कापतो किंवा नजर मंदावली आहे त्याने हे काम कारागिराकडे द्यावे. त्याला मात्र सेल काय हवा ते आपण सांगावे.

उघडता न येणाऱ्या, गोंदाने चिकटवलेल्या वस्तूंपुढे हे सारे ज्ञान थांबते. श्रवणयंत्रे आणि कानातले बिनतारी ध्वनिसंच त्याच मार्गाने चालले आहेत. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमावलीत ठरवले आहे की, १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, वस्तूतली छोटी बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-घालता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सक्ती यांतला फरक कर्जवसुली केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तोवर ग्राहकाने दुकानातच विचारावे, ‘याचा सेल बदलता येतो का?’ आणि ‘नाही’ असे उत्तर आल्यास किंमत सेलच्या आयुष्याने भागून पाहावी. दोन वर्षांत पूर्ण घसारा लागणारी वस्तू स्वस्त आहे की महाग, ते तेव्हा कळते.

संध्याकाळी टोपलीचा ताळेबंद मांडला. दहा वस्तूंपैकी सात नव्या सेलवर चालू होणाऱ्या, एका विजेरीचे केवळ बटण गेलेले, कॉर्डलेस फोनची घरात कोणालाच गरज उरलेली नाही, आणि रॅकेटचे मंडलच जळालेले. सेलची यादी आबांच्या नातवाने वहीत उतरवून घेतली, प्रकृती, व्होल्ट, क्षमता, माप या क्रमाने.

राहिला प्रश्न मेलेल्या सेलचा. जुन्या ट्रिमरमधला आणि कॉर्डलेसमधला, हे दोन्ही निकेल-कॅडमियमचे होते. कॅडमियम हा विषारी धातू. उकिरड्यात सेलचे कवच गंजते, धातू खतात उतरतो, खत शेतात जाते, आणि कॅडमियम वनस्पती मुळांवाटे उचलतात. शिशाचेही भय तेवढेच. ज्या गावाने समतल चर खणून पावसाचा थेंब न् थेंब जमिनीत मुरवला, तेथे पाण्याबरोबर जे विरघळेल तेही मुरणार. २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे आणि टाकाऊ बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देणे हे ग्राहकाचेही काम ठरवले आहे. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे जे चित्र असते, त्याचा अर्थ हाच.

शिशाच्या बॅटऱ्यांची सोय सोपी. नवी घेताना दुकानदार जुनी वजनावर घेतो आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करतो. ती वजा करून घेतल्याशिवाय पावती घेऊ नये. बाकीच्या सेलच्या दोन्ही टोकांना आम्ही चिकटपट्टी लावली, म्हणजे डब्यात ते एकमेकांना भिडून ठिणगी पडू नये. फुगलेला बीएल-५सी वेगळ्या डब्यात, वाळूत. नगरला ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे पुढच्या बाजारच्या दिवशी नातू ते डबे घेऊन गेला, आणि येताना वहीतल्या यादीचे सेल घेऊन आला. त्यांतला १८६५० घरी येताच मसाल्याच्या काट्यावर चढला. ४६ ग्रॅम.